तोंड न फिरवता

जिन्यावरचा स्मोक अलार्म ‘चिक्’ करून वाजला आणि माझी पेन्सिल थांबली. शाल्मली कूस बदलते का, कान देऊन ऐकलं. नाही बदलली. नर्सरीतून आली की ती दोन घास वरणभात खाते आणि सोफ्यावरच झोपून जाते, एक मोजा पायात आणि एक कुठेतरी. ती झोपली की घर थोडा वेळ माझं होतं. त्या थोड्या वेळात मी स्वयंपाक करत नाही, कपड्यांना इस्त्री करत नाही, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

अलार्मची बॅटरी संपत आली होती. परीक्षित रोज सकाळी गाडीची किल्ली शोधता शोधता म्हणायचा, “आज आणतो, नक्की.” शाल्मलीला बॅटरी वगैरे मान्य नव्हतं. तिच्या मते तिथे वर एक पक्षी राहत होता.

“आई, त्याला भूक लागला,” असं म्हणून ती जिन्याच्या खालच्या पायरीवर दोन कॉर्नफ्लेक्स ठेवायची. ते मी गुपचूप उचलायचे आणि तिला सांगायचे, खाल्ले गं त्याने. तिचा चेहरा असा खुलायचा की खोटं बोलल्याचं काही वाटायचं नाही.

टेबलावर माझ्यासमोर एक समीकरण होतं: आर बरोबर कॉस टू थीटा. सोमवारी एका शाळेत सगळ्यात वरच्या वर्गाला मला ते शिकवून दाखवायचं होतं. मुलं समोर, हेड ऑफ मॅथ्स मागे. पसंत पडले तर नोकरी. आठवड्यातून चार सकाळी, बरोबर नर्सरीच्या वेळेत बसणाऱ्या.

“म्हणजे दाखवायचा कार्यक्रमच की गं,” परीक्षित म्हणाला होता. “कांदेपोहे तू न्यायचे का ते देणार?”

हसले मी. पण त्याला माहीत होतं, मी या जागेसाठी किती टेकीला आले होते. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला मी गणित शिकवत होते. साठ-साठ मुलांचा वर्ग, खडूची पूड, घशाला कोरड. लग्न झालं, परीक्षितला वर्क परमिट मिळालं आणि आम्ही मिल्टन कीन्सला आलो. इथे एजन्सीतल्या बायका फोनवर फार गोड बोलतात. “एनी यूके एक्स्पीरिअन्स, लव्ह?” नाही म्हटलं की आणखी गोड बोलतात आणि फोन ठेवतात. यूकेचा अनुभव मिळवायला आधी यूकेचा अनुभव लागतो, हे मला कळायला बराच वेळ लागला. गणित शिकलेल्या बाईला ते लवकर कळायला हवं होतं.

ही जागा उल्काताईंमुळे कळली. उल्काताई म्हणजे इथल्या हॉस्पिटलमधल्या एका मराठी डॉक्टरांच्या मिसेस. कितीतरी वर्षांपूर्वी नागपूरहून आलेल्या, आणि त्याच शाळेत गणिताच्या शिक्षिका. त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाला मी वाण घेऊन उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरून ठेवला. “अगं अक्षया, तू मॅथ्सची ना? आमच्याकडे एक पार्टटाइम निघतेय. फर्दर मॅथ्स, वरच्या वर्गाचं. गिलियनला मी तुझं नाव सांगते. विषय पोलर दे म्हणते, तुमच्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या हातचा मळ आहे तो.”

होताच. गणिताशी ज्याने फारकत घेतली आहे त्याला एवढंच सांगते. शाळेत आपण बिंदू काढतो तो आडवं इतकं, उभं इतकं असं मोजून. हे गाव तसंच बांधलंय. आडव्या रस्त्यांना एच आणि नंबर, उभ्या रस्त्यांना व्ही आणि नंबर. परीक्षित म्हणतो, बायको येणार म्हणून कौन्सिलने आधीच आलेखाच्या कागदावर गाव आखून ठेवलं. पोलरमध्ये आडवं-उभं नसतं. मधोमध उभं राहायचं, एका दिशेला तोंड करायचं आणि सांगितलेली पावलं चालायची. दिशा म्हणजे थीटा, पावलं म्हणजे आर. झालं.

गंमत येते ती आर उणे आल्यावर. समोर बघून उणे चार पावलं कशी चालायची?

आम्हाला हे पद्माकर सरांनी शिकवलं. सफारी घातलेले, पोट सुटलेले सर. ते प्लॅटफॉर्मच्या मध्ये उभे राहिले, फळ्याकडे तोंड केलं आणि तसेच एकेक पाऊल मागे यायला लागले. पोरं हसायला लागली. पहिल्या बाकाला धडकले तरी त्यांनी मान वळवली नाही. “हसा,” ते फळ्याकडे बघतच म्हणाले. “पण एक लक्षात ठेवा. तोंड फिरवायचं नाही. तोंड फिरवलंत तर कोन बदलला. बघायचं तिकडेच, जायचं मागे.” मग त्यांनी नियम घोकून घेतला: थीटाच्या आधीचा आकडा एन; एन विषम असेल तर एन पाकळ्या, एन सम असेल तर दोन एन. पुढे मी माझ्या वर्गांकडून तोच घोकून घेतला. कॉस टू थीटा म्हणजे एन दोन, सम. पाकळ्या चार. झोपेतून उठवून विचारलं तरी चार.

शनिवारी मी शाल्मलीबरोबर तालीम केली. मागच्या पॅटिओच्या फरश्यांवर वूलवर्थ्समधून आणलेल्या जाड खडूने एक फुली काढली, फुलीतून दिशांच्या रेघा काढल्या आणि तिच्या हातात कपड्यांच्या चिमट्यांची टोपली दिली. मी आकडा सांगायचा, तिने तितकी पावलं जायचं, चिमटा ठेवायचा, परत फुलीवर यायचं. पहिल्या चिमट्यांची पाकळी झाली ती उजवीकडे, शेडच्या बाजूला. मग दिशा वर सरकली, शेजारच्या सफरचंदाच्या झाडाकडे, आणि मी म्हटलं, “आता उणे दोन. बघायचं झाडाकडे, पण जायचं मागे.”

ती माझ्याकडे अविश्वासाने बघत राहिली. असं काही करायची परवानगी मिळते हेच तिला नवीन होतं. मग झाडाकडे हनुवटी वर करून, जीभ दातांत धरून, तिने एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं.

“आई! मी उलटा आली!”

“शाबास गं माझी बाई. ठेव चिमटा.”

सबंध फेरी झाली तेव्हा चार पाकळ्या झाल्या होत्या, लाल-निळ्या-पिवळ्या चिमट्यांच्या. कडा वाकड्या होत्या, कारण तिचं पाऊल कधी मोठं पडायचं, कधी छोटं. ती त्याच्याभोवती नाचली. “मी केला फूल! पाय से केला!” मराठी, हिंदी, नर्सरीतलं इंग्लिश, जे हाताला येईल ते ती बोलते. मी तिला दुरुस्त केलं नाही. तिच्या केसांना खडूचा वास येत होता, आणि मला वाटलं, मी अजून शिकवू शकते.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये मी तेच केलं. शाळेत खडू नव्हताच. सगळीकडे स्मार्ट बोर्ड. म्हणून चिकटपट्ट्यांनी जमिनीवर दिशा आखल्या, आणि खेळाच्या कपाटातल्या दाण्यांच्या पिशव्या चिमट्यांच्या जागी घेतल्या. वर्ग लहानसाच, सतरा-अठरा वर्षांची मुलं. आधी लाजली. हॅना नावाची एक उंच मुलगी फुलीवर उभी राहिली. तिला मी उणे दोन सांगितलं.

“मायनस टू स्टेप्स? हाऊ, मिस?”

“तिकडेच बघ,” मी इंग्रजीत म्हटलं. “तोंड फिरवू नकोस. मागे ये.”

“मूनवॉक!” कोणीतरी ओरडलं, आणि हॅना खरंच बूट घासत मागे सरकली. हॉल हसला. मग सगळ्यांनाच ते करायचं होतं. माझा घसा कोरडा पडला होता आणि मला तो हवाहवासा वाटत होता.

गिलियन, हेड ऑफ मॅथ्स, स्टेजच्या कडेला बसून लिहीत होती. शेजारी उल्काताई. गिलियन सारखी मान डोलावत होती. तिसरी पाकळी दिसायला लागली तसं तिचं पेन थांबलं. चौथी पूर्ण झाली तेव्हा ती उठून खाली आली. चेहऱ्यावर तेच प्रेमळ हसू.

“लव्हली,” ती मुलांना म्हणाली. “फारच छान. पण आपल्याला पेपरात किती पाकळ्या काढायच्या आहेत?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. टॉम नावाच्या मुलाने ग्राफचा कॅल्क्युलेटर वर धरला. “यात पण चार आल्यात.”

“कॅल्क्युलेटर परीक्षेला बसणार नाहीये, टॉम.”

सगळे हसले. मीही हसले, काय चाललंय ते कळलं नव्हतं तरी. मग गिलियन मागे वळली. “उल्का? हाऊ मेनी?”

उल्काताई स्टेजच्या कडेला बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. पर्सचा पट्टा नीट केला.

“टू,” त्या म्हणाल्या.

माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. पोरं डब्यांसाठी पळत होती, म्हणून आम्ही भिंतीला चिकटून उभ्या होतो.

“उल्काताई, चार असतात.”

“हो गं. चारच असतात.”

“मग आत तुम्ही…”

“आत काय बोलणार? इथल्या आमच्या परीक्षा बोर्डात आर शून्याच्या खाली घेतच नाहीत. अंतर उणे कसं असेल, म्हणतात. उणे आलं की तिथे काही काढायचं नाही. मार्क स्कीममध्ये दोन आहेत. पोरांनी चार काढल्या की मार्क गेले, आणि पालक माझ्या दारात.”

“मला आधी सांगायचं तरी होतंत.”

समोरून एक मुलगा धडकून गेला, त्याला त्यांनी सवयीने “वॉक, प्लीज” म्हटलं. मग माझ्याकडे वळून मराठीत आल्या.

“खरं सांगू? लक्षातच आलं नाही. मी पण चारच शिकले ना. पहिल्या वर्षी तर भांडले होते मी, स्टाफरूममध्ये उभी राहून. जाम भांडले. आमचे डॉक्टर म्हणाले, आता पुरे. मग दर वर्षी दोन काढत गेले. आता मला त्या दुसऱ्या दोन दिसतच नाहीत, अक्षया. मघाशी तू काढल्यास ना, क्षणभर मलाच वाटलं, ही पोरगी चुकतेय.”

यावर रागवायचं कसं, मला कळेना. शिव्या द्याव्यात असा चेहरा नव्हता त्यांचा. दमलेला होता. त्यांनी पर्समधून एक तीळवडी काढून माझ्या हातात ठेवली, शाल्मलीसाठी, आणि बेल वाजली म्हणून निघून गेल्या.

मंगळवारी फोन आला. गिलियनच होती. मुलं वेडी झालीत म्हणाली, कोणीतरी आईला किचनमध्ये उलटं चालून दाखवलं म्हणाली. “वी वुड लव्ह टू हॅव यू.” ओट्याला धरून उभी राहिले. शाल्मली पायाशी बसून टोपलीत चिमटे भरत होती.

“जस्ट वन लिटल थिंग,” गिलियन म्हणाली.

मुलांच्या वह्यांत आता चार पाकळ्या आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांची मॉक, म्हणजे सराव परीक्षा. तर गुरुवारी मी येऊन तोच वर्ग घ्यावा आणि ते नीट करून टाकावं. मग पुढचं कागदावर घेऊ.

मी म्हटलं, जरूर. दोन पद्धती असतात हे मी समजावून सांगेन. उणे आर धरला तर चार, न धरला तर दोन. परीक्षेत आपण धरत नाही.

जिन्यावरून ‘चिक्’.

“मला वाटतं तेवढं खोलात नको,” ती म्हणाली, खरोखर मायेने म्हणाली. “मॉकच्या तोंडावर गोंधळ होईल. तुमच्याकडून चूक झाली, एवढंच सांगा. आपण सगळेच चुकतो. मुलांना आवडतं ते.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच उभी होते. शाल्मलीने माझ्या सलवारीला एक चिमटा लावला, मग आणखी एक. मी हलत नाही म्हटल्यावर लावतच गेली.

संध्याकाळी परीक्षित आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याने बूटही काढले नव्हते. एक पाय दारात ठेवूनच मला उचलायला निघाला.

“मिळाली! अगं मग रडतेस काय?”

“रडत नाहीये. ऐक तर पूर्ण.”

ऐकलं त्याने. सोफ्यावर बसून, शाल्मलीला मांडीवर घेऊन. मग म्हणाला, “मग म्हण की सॉरी. इथे आपण लोकांच्या पायावर पाय दिला तर तेच आपल्याला सॉरी म्हणतात. सॉरी इथे हॅलोसारखं असतं.”

“सॉरी नाही. चूक झाली म्हणायचंय.”

“तेच ते.”

“तेच ते नाही, परीक्षित. त्यांचा नियम वेगळा आहे, मला मान्य आहे. नियम कोणी कसाही करावा. मी त्यांचा नियम शिकवीन. पण माझं चुकलं नव्हतं.”

“कोण म्हणतंय चुकलं होतं?”

“मी म्हणायचंय. तेच तर.”

तो शाल्मलीच्या केसांत बोटं फिरवत राहिला. “मला ऑफिसात सगळे पॅरी म्हणतात,” थोड्या वेळाने म्हणाला. “पहिल्या दिवशी म्हटलं मी, इट्स परीक्षित. दुसऱ्या दिवशी पण म्हटलं. तिसऱ्या दिवशी पॅरी झालो. मेलो का मी?”

“नाही.”

“दोन पाकळ्या गं, अक्षया. दोन पाकळ्यांवरून तू ही नोकरी सोडणार? परत त्या एजन्सीतल्या बायका, परत एनी यूके एक्स्पीरिअन्स? परत रोज दुपारी मला ऑफिसात फोन करून विचारणार, कधी येणार, म्हणून?”

हे शेवटचं त्याने लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. तरी लागलं, कारण ते खरं होतं. मी उठून कणीक मळायला घेतली. शाल्मलीने बाबांच्या टायला चिमटा लावला.

बुधवारी दुपारी ती झोपली असताना मी एक वाक्य तयार केलं. कोणीतरी नक्की विचारणार होतं. हॅना तरी विचारणारच. ती स्वतः मागे चालून गेली होती, तिथे पिशवी ठेवून आली होती. ती म्हणेल, मिस, मग मी जिथे गेले ते काय होतं? तेव्हा गिलियनच्या अटीबाहेर न जाता, आणि खोटंही न बोलता, मला काही सांगता आलं पाहिजे. मी वाक्य असं केलं: आर उणे असेल त्या दिशांना वक्रावर बिंदूच नसतो, तिथे मागेही जायचं नाही, पुढेही जायचं नाही. इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. कोणी विचारलं की हे सांगायचं, आणि त्यांच्या डोळ्यांत बघायचं. ज्याला कळायचं त्याला कळेल की बाई काहीतरी गाळतेय. निदान एकाला तरी कळावं, एवढ्यावर मी स्वतःला राजी केलं होतं.

गुरुवारी वर्ग स्मार्ट बोर्डच्या खोलीत होता. गिलियन मागे बसली. उल्काताईंचा तास दुसरीकडे होता. जाताना दारातून त्यांनी अंगठा दाखवला.

“सोमवारी माझ्याकडून एक चूक झाली,” मी म्हणाले. “चार नाही. पाकळ्या दोन. उणे आर आपण काढत नाही.”

हे बोलायला मुळीच वेळ लागला नाही. मला वाटलं होतं अडखळेन. अडखळले नाही. उच्चारही चांगले झाले.

मग मी थांबले. वाट बघितली.

“ओके,” टॉम म्हणाला.

हॅनाने पेन्सिलीच्या पेटीतून खोडरबर काढला. बाकीच्यांनीही काढले. काही क्षण खोलीत फक्त खोडरबरांचा आवाज होता, घासल्याचा. वरची पाकळी, खालची पाकळी. हॅनाने कागदावरची काळी पूड फुंकरीने उडवली आणि हात वर केला. मी म्हटलं, “येस, हॅना?”

“हे मॉकमध्ये येणार आहे का, मिस?”

“येऊ शकेल,” मी म्हणाले.

बस. कोणी काही विचारलं नाही. तासभर मी कार्डिऑइडची, म्हणजे बदामाच्या आकाराच्या वक्राची, क्षेत्रफळं शिकवली, आणि चांगली शिकवली. गिलियनने हातात हात घेतला. ईस्टरनंतर सुरू करू म्हणाली. मी थँक यू म्हटलं, दोनदा. बाहेर गाडीत बसून सीटबेल्ट लावला आणि किल्ली फिरवली. तयार केलेलं ते वाक्य तोंडात तसंच राहिलं होतं, न वापरलेलं.

दुपारी परीक्षित लवकर घरी आला. केक आणला होता, आणि इतक्या दिवसांनी बॅटरीही. खुर्चीवर चढून त्याने अलार्म उघडला, बॅटरी घातली, झाकण लावलं. घर एकदम गप्प झालं. त्या आवाजाची किती सवय झाली होती ते तेव्हा कळलं.

शाल्मली कॉर्नफ्लेक्स घेऊन जिन्यापाशी उभी होती. “पक्षी कुठे गेला?”

“उडाला,” परीक्षित म्हणाला, खुर्चीवरून उतरत. “इंडियाला गेला, आजीकडे.”

“ओके,” ती म्हणाली, आणि कॉर्नफ्लेक्स स्वतःच खाल्ले.

मग माझा हात ओढायला लागली. फूल करायचं. मला नको होतं. पण ती माझ्याकडे क्वचित काही मागते. दारात तिला वेलिंग्टन, ते पावसाळी रबरी बूट, चढवले. पॅटिओवरचा खडू पावसाने पुसट झाला होता, तरी रेघा दिसत होत्या. मी फुली पुन्हा गडद केली. परीक्षित आतून, केक कापता कापता, काचेतून आमच्याकडे बघत होता, खूश.

शाल्मली फुलीवर उभी राहिली. शेडकडे तोंड. चार पावलं, चिमटा, परत. तीन, चिमटा, परत. तिला क्रम पाठ झाला होता. मी आकडा सांगायच्या आधीच ती निघत होती. उजवीकडची पाकळी अर्धी भरली. मग ती आपोआप सफरचंदाच्या झाडाकडे वळली. हनुवटी वर केली, जीभ दातांत धरली, आणि एक वेलिंग्टन मागे टाकला.

“थांब,” मी म्हणाले.

का म्हणाले, अजून कळत नाही. अंगणात मी, ती आणि चिमटे. ना बोर्ड, ना मॉक, ना गिलियन.

“का? आता उलटा ना.”

“इथे मागे नाही जायचं.”

“मग पुढे?”

“पुढेही नाही.”

तिने मागे टाकलेला पाय परत आणला आणि फुलीवर दोन्ही बूट आपटले. “मग हितेच?”

“तिथेही नाही, बाळा,” मी म्हणाले. बुधवारचं वाक्य होतं ते. सकाळभर तोंडात राहिलेलं, घासूनपुसून गुळगुळीत झालेलं, आणि आता ते माझ्या मुलीच्या अंगावर सांडत होतं. “या दिशेला बिंदूच नसतो. म्हणजे इथे आपण नसतोच.”

तिने आपल्या बुटांकडे बघितलं. बूट होते. हातातल्या पिवळ्या चिमट्याकडे बघितलं. मग पुन्हा झाडाकडे तोंड केलं, मी शिकवलं होतं तसंच, मान न वळवता, आणि माझ्याकडे पाठ करून उभी असतानाच विचारलं,

“आई, मग मी कुठे आहे?”